कामट्यांचं डॉल्फिन

बिरसीच्या धावपट्टीवरून उठलेली शिकाऊ विमानं आमच्या धानाच्या बांध्यांवर दिवसभर घिरट्या घालतात. पट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली. आता तिथं वैमानिक घडवणारी संस्था आहे. पंखांची एकच जोडी, गुळगुळीत अंग, अशी विमानं बघायची सवय झालेली मुलं माझ्या टेबलावरचं दुपंखी विमान पाहिलं की हमखास विचारतात, "काका, दोन मजली पंख कशाला? आणि एवढ्या तारा?"

मी त्यांना वर बघायला सांगतो. कवेलूच्या छपराखाली कैची असते. बारीक लाकडं त्रिकोणात जोडली की ती जाड तुळईचा भार पेलतात. पहिल्या महायुद्धातल्या विमानाचा पंख म्हणजे हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि त्यावर ताणलेलं लिननचं कापड. असा लांब, पातळ पंख एकटा टिकणं अवघड. म्हणून दोन पंख एकावर एक ठेवून मध्ये खांब दिले आणि तिरप्या तारा ओढल्या. १८९६ साली अमेरिकेत ऑक्टेव्ह शनूट यांनी ग्लायडरला ही रचना लावली. ते रेल्वेचे पूल बांधणारे इंजिनिअर होते, हे कळल्यावर गोंदियासारख्या जंक्शनच्या गावातल्या माणसाला वेगळं काही समजावावं लागत नाही.

माझ्या टेबलावरचं विमान आहे सॉपविथ डॉल्फिन. हेच का निवडलं, तर ते आपल्या माणसाचं आहे म्हणून. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात लढलेल्या हिंदी वैमानिकांत इंद्रलाल रॉय, हरदित सिंग मलिक, एरॉल सेन यांच्याबरोबर मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर होते. केंब्रिजला शिकलेला हा तरुण २३ व्या स्क्वॉड्रनमधून डॉल्फिन उडवायचा. २७ जून १९१८ रोजी ते फ्रान्सच्या आघाडीवरून परतले नाहीत. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती सापडून ३० जूनला गेले. रॉय यांच्यावर टपालाची तिकिटं निघाली. वेलिणकर हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, आणि ही गोष्ट मला खरोखर लागते.

डॉल्फिन दिसायला विचित्र. बहुतेक दुपंखी लढाऊ विमानांत वरचा पंख पुढे असतो. इथं तो खालच्या पंखाच्या मागे सरकवलेला आहे. वरच्या पंखाचा मधला भाग कापडाविना, नुसती पोलादी चौकट. वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून वर निघतं. वर आणि पुढे नजर मोकळी, पण जमिनीवर विमान उलटलं तर पहिला मार मानेवर. रचनाकार हर्बर्ट स्मिथ यांनी नजरेसाठी हा धोका पत्करला. पहिल्या प्रयत्नात मी सवयीने वरचा पंख पुढे चिकटवला आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या. आराखडा आधी भिंतीवर लावा, मग सुरी हातात घ्या.

माप मी २४ ला १ धरलं. मूळ पंखविस्तार सुमारे ९.९ मीटर, म्हणजे मॉडेल ४१ सेंटिमीटरचं. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. आमच्याकडे बुरडकाम करणारे हात आहेत. ते कामटी तासतात तशी मला अजून तासता येत नाही. पंखाच्या टोकाची गोलाई देताना कामटी भिजवून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायची आणि वाकवून धरायची. वर पतंगाचा पातळ कागद खळीने चिकटवायचा आणि पाण्याचा हलका फवारा द्यायचा. वाळताना कागद ढोलाच्या कातड्यासारखा ताणतो. मूळ विमानात लिननवर डोप नावाचं द्रावण चढवून हाच ताण आणत.

रंगाची अडचण तेंदूपत्त्याने सोडवली. वरच्या बाजूच्या हिरवट-तपकिरी रंगाला पीसी १० म्हणत. सुकत आलेलं विडीचं पान समोर ठेवून मी तो जुळवला. पोटाकडची बाजू कोऱ्या मांजरपाटासारखी. गोल खुणेत बाहेर निळा, मध्ये पांढरा, आत लाल; यात चूक नको.

खरी परीक्षा तारांची. खालच्या पंखाच्या मुळाकडून वरच्या पंखाच्या टोकाकडे जाणाऱ्या तारा उडताना भार घेतात, कारण हवा पंखांना वर उचलत असते. उलट तिरप्या तारा जमिनीवर पंखांचं वजन धरतात. खऱ्या विमानावरची ६ मिलिमीटरची तार या मापात पाव मिलिमीटरची होते. मासेमारीचा तेवढ्या जाडीचा तंगूस बाजारात मिळतो. तो ओवून टोकं चिकटवायची आणि पेटत्या उदबत्तीचं टोक न टेकवता जवळून न्यायचं. ढिला तंगूस डोळ्यांदेखत ताठ होतो. एकाच बाजूच्या तारा आधी ताणल्या तर पंख पिळवटतो, म्हणून डावी-उजवी आळीपाळीने करा.

लंडनच्या आरएएफ संग्रहालयात जुने भाग वापरून पुन्हा उभारलेलं डॉल्फिन आहे; बारकाव्यांसाठी त्याची छायाचित्रं समोर ठेवा. वेलिणकरांचं थडगं फ्रान्समध्ये, हँगार्डच्या दफनभूमीत आहे. मॉडेल पूर्ण झालं की खालच्या पट्टीवर विमानाचं नाव लिहाल, तेव्हा त्याखाली एक ओळ आणखी लिहा: ले. श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबई.