सुलभ द्वारे (लेखांक 7) : वरची कडी
किल्लीविरहित कुलपांचा विचार या खेपेस करण्याचे अभिवचन मी दिले होते. परंतु मिरजेच्या एका वाचकभगिनींचे जे पत्र मध्यंतरी आले, त्यामुळे तो विषय तूर्त मागे सारणे मला भाग पडले आहे. लांब दांड्याच्या मुठीची मी केलेली स्तुती वाचून त्या लिहितात की, अर्धांगवायूनंतर त्यांच्या सासूबाईंचा उजवा हात जवळजवळ निकामी झालेला असून घरातील एकाही दाराला तशी मूठ नाही. आहे ती डोक्याच्याही वर बसवलेली कडी आणि बाहेरून कोयंड्याला लावायचे कुलूप. तेव्हा हे सारे विवेचन नेमके कोणाच्या घरासाठी चालले आहे? प्रश्न रास्त आहे, आणि त्यातला टोलाही.

कडी इतक्या उंचावर का गेली, याची कारणे पाहू गेल्यास ती क्षुल्लक नाहीत. लहान मुलाचा हात पोहोचू नये ही गृहिणीची इच्छा तर त्यात आहेच. पण त्याहून बलवत्तर कारण लाकडाच्या स्वभावात आहे. पावसाळ्यात दार ओलावा शोषून फुगते, पिळवटते आणि त्याचा वरचा कोपरा चौकटीपासून सुटू लागतो. तो कोपरा आवळून धरण्यासाठी सुतार चौकटीच्या आडव्या लाकडात भोक पाडून तेथे उभा बोल्ट बसवतो, आणि त्याच्या परीने ते काम चोखच असते. मात्र तो बोल्ट काढायचा म्हणजे माणसाने टाचा उंचवाव्या, हात खांद्याच्या वर न्यावा, बोटभर दांडा चिमटीत धरावा आणि दुसऱ्या हाताने दार दाबून धरीत तो खाली ओढावा. चाकांच्या खुर्चीत बसलेल्याला, संधिवाताने बोटे आखडलेल्याला किंवा नुसत्या ठेंगण्या माणसाला यांपैकी एखादी तरी क्रिया असाध्य असतेच. अमेरिकेच्या 2010 च्या सुगम्यता-मानकांत दाराची मूठ, कडी व कुलूप जमिनीपासून 34 ते 48 इंचांच्या पट्ट्यात असावे, आणि ते एका हाताने, घट्ट न आवळता, चिमटीत न धरता, मनगट न पिळता चालवता यावे अशी तरतूद आहे. आपली वरची कडी यांतल्या जवळपास प्रत्येक अटीत नापास होते.

कुलपाची अवस्था याहून बिकट. लोंबते कुलूप हे मुळात दोन हातांचे यंत्र आहे, ही गोष्ट दोन्ही हात धड असणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. एका हाताने त्याचे धूड तोलून स्थिर करावे, दुसऱ्याने किल्ली घालून फिरवावी, मग ते कोयंड्यातून सोडवावे आणि अल्ड्रॉपचा जाड दांडा वर उचलून सरकवावा, असा तो क्रम. माझ्या परिचयाचे एक निवृत्त कारकून एका हाताने हा व्यवहार करतात: कोपराने कुलूप दाराशी दाबून धरायचे, किल्ली शिरली की तेही तिच्याबरोबर फिरू लागायचे, आणि तेवढ्यात किल्ली खाली पडायची. दाराच्या फळीतच बसवलेल्या कुलपाला फळी धरून ठेवते, म्हणून एक हात पुरतो. आणि किल्लीच्या डोक्याला चार इंचांचा लाकडी दांडा स्क्रूने पक्का केला, तर चिमटीऐवजी तळहाताच्या कडेनेही ती फिरते.

कडीबोल्टाचा विषय निघाला की इंग्लंडातील संडरलँड शहर मला आठवल्यावाचून राहत नाही. 16 जून 1883 रोजी तेथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा खेळ संपता संपता बक्षिसे वाटण्याचे जाहीर झाले आणि माडीवरची मुले जिन्याने खाली धावली; तळाचे दार आत उघडणारे, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून बोल्ट घातलेले. त्या चेंगराचेंगरीत 183 मुले गेली. पुढे 1892 मध्ये रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज या इंग्रजाने ढकलताच सुटणाऱ्या बोल्टाचे पेटंट घेतले. आज चित्रपटगृहाच्या बाहेर पडण्याच्या दारावर कमरेच्या उंचीला आडवा दांडा दिसतो, तो त्याच कुळातला: शरीराचा भार पडला की आतील बोल्ट मागे सरतो, आणि हात नसलेला माणूसही नितंबाच्या धक्क्याने बाहेर पडतो. गर्दीत सापडलेल्या धडधाकटांसाठी तो बोल्ट घडवला गेला होता. अपंगांचा विचार त्या काळी कोणी केला असेल असे मला वाटत नाही.

आता मिरजेच्या भगिनींसाठी. अपंगांच्या हक्कांविषयीच्या आपल्या 2016 च्या कायद्याने मानकांत न बसणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी व पूर्णत्वाचा दाखला नाकारण्याची व्यवस्था केली खरी, पण तिचा रोख आस्थापनांवर आहे. तुमच्या माजघरात सरकारी अंमलदार येणार नाही, सुतारच बोलवावा लागेल. वरचा बोल्ट पावसाळ्यापुरता राहू द्या. रोजच्या वापरासाठी कमरेच्या उंचीवर, पंजाने ढकलता येईल अशा लांब मुठीची आडवी कडी सासूबाईंच्या डाव्या हाताला सोयीची पडेल अशी लावून घ्या. न्हाणीघराची कडी मात्र बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारीच हवी, आणि दार बाहेर उघडणारे. कारण आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. दाराची दिशा बदलायची म्हणजे बिजागऱ्या हलवणे, चौकटीची जुनी खाच भरणे आणि नवी पाडणे आले. हे काम एका दिवसात उरकत नाही, सुतार काहीही म्हणो. तेव्हा त्या आठवड्यात पाहुणे बोलावू नयेत.