मुलांचा अदृश्य छळ आणि पालक

शाळेतील चिडवाचिडवी ही काही नवी गोष्ट नव्हे. परंतु पूर्वी शेवटची घंटा झाली की छळ थांबत असे आणि घराचा उंबरठा मुलाला अभय देत असे. आज फोनच्या पडद्यावरून तोच छळ अंथरुणापर्यंत येऊन पोहोचतो. पाहणारे पाचदहा नसून शेकडो असू शकतात. आणि बोललेला शब्द हवेत विरतो, तसा पडद्यावरचा शब्द विरत नाही.

असे असूनही पुष्कळ मुले घरी काही बोलत नाहीत. छळणाऱ्याइतकेच त्यांना पालकांच्या उपायाचे भय वाटते. फोन हिसकावून घेणाऱ्या पित्याचा हेतू रक्षणाचा असतो. मुलाला मात्र ती शिक्षा वाटते. ‘तूच काहीतरी केले असशील’ हे वाक्य तर त्याचे तोंड कायमचे बंद करते.

म्हणून पहिला उपाय शांतपणे ऐकून घेण्याचा. ‘सांगितलेस, बरे केलेस,’ एवढ्यानेही मुलाला धीर येतो. दुसरा उपाय पुरावा राखण्याचा. उलट उत्तर न देता, मजकूर पुसून न टाकता, तारीख व खात्याचे नाव दिसेल अशी पडद्याची छायाचित्रे घ्यावीत. मगच ते खाते ब्लॉक करावे. मात्र चित्र अश्लील असेल तर त्याची प्रत काढू नये, सल्ल्यासाठीही ते कोणाकडे धाडू नये. मुलांची अश्लील चित्रे पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. अशा वेळी सरळ पोलिसांकडे जावे. देशात कोठेही राहणाऱ्या कुटुंबाला १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी साहाय्य मिळते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

छळणारा पुष्कळदा वर्गातलाच मुलगा असतो. त्याच्या दारी जाऊन भांडण केल्यास दुसऱ्या दिवशी त्याचा भार आपल्याच मुलाला सोसावा लागतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही अठरा वर्षांखालील अपराध्याच्या सुधारणेवर भर दिला आहे. तेव्हा शाळेमार्फत, आणि आपल्या मुलाला विचारून, पाऊल टाकणे इष्ट.

पुन्हा असा प्रसंग आला असता मूल प्रथम घरी सांगते की नाही, यावरच पालकांच्या आजच्या वागण्याची पारख होईल.