पाकटाचा काटा आणि बोंडअळीचा पतंग

मुकुटबनच्या काळ्या रानापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इथल्या कापूसकऱ्याला पाकट मासा भेटतो तो टीव्हीवर, शेपटीच्या काट्यासह. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात टीव्हीवरचे प्राणी-कार्यक्रम गाजवणारे स्टीव्ह अर्विन अशाच काट्याने गेले आणि ‘पाकट माणसावर चालून येतो’ हा समज घट्ट झाला. प्रत्यक्षात तो वाळूत अंग पुरून पडलेला असतो. पाय पडला, कोंडला गेला तरच शेपूट फिरवतो. काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरतात, कारण काट्यातल्या विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात. मग दवाखाना गाठायचाच.

कापूसकऱ्याच्या रानातल्या खऱ्या शत्रूला, गुलाबी बोंडअळीच्या पतंगाला, मात्र ना काटा, ना विष. सेंटीमीटरभर, तपकिरी, दिवसा पाल्यात दडणारा. भीती वाटावी असे त्यात काहीच नाही. तिथेच फसगत होते. पाकटाची मादी मोजकी जिवंत पिल्ले देते, पतंगाची मादी शे-दोनशे अंडी घालते. पतंग स्वतः बोंड खात नाही, खाते ती अळी. ती अंड्यातून निघाली की लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते आणि मागचे छिद्र बुजते. डोमकळी (न उमलता मिटून राहिलेले फूल) दिसेपर्यंत अळी आत पोचलेली असते, तिथे फवारा पोचत नाही.

‘ही कीड बाहेरून आली’ असेही ऐकू येते. तिचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झाले, तेच भरूचच्या कपाशीवरल्या नमुन्यांवरून!

‘बीटी पेरले, आता चिंता नाही’ हा समज सर्वांत महागात पडला. देशात बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये. गुलाबी अळीने आधी एका जनुकाला, पुढे दोन्हींना दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली.

कामगंध सापळ्याबद्दलही गल्लत होते. मादीच्या गंधाला भुलून त्यात नर अडकतात, माद्या नाहीत. चार सापळ्यांनी शेत साफ होत नाही. ते मोजणीसाठी असतात. सलग तीन रात्री दर सापळ्यामागे रोज आठ पतंग आले, तर उपाययोजनेची वेळ झाली असे समजायचे.

आणि फरदड. डिसेंबरनंतर चार बोंडांसाठी पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला पुढच्या पिढीची सोय होते. सरकीत सुप्तावस्थेत राहून ती उन्हाळाही काढते. त्यामुळे जिनिंगच्या आवारातही सापळे लावायला सांगतात.