शिकलेले मूल पुन्हा चड्डी भिजवू लागते तेव्हा

अडीच-तीन वर्षांचे मूल शी-शू सांगायला शिकले की घरातल्या सर्वांनाच हायसे वाटते. डायपरचा खर्च थांबतो आणि पाळणाघरात द्यायच्या पिशवीतले कपड्यांचे जोड कमी होतात. मग दोन-चार महिने सुरळीत गेल्यावर तेच मूल अचानक चड्डी ओली करू लागते, किंवा पडद्याआड उभे राहून चड्डीतच शी करते. त्या दिवसापासून संध्याकाळी पाळणाघराच्या दारातले बोलणे बदलते. “घरी तर व्यवस्थित सांगतो हो,” असे आई म्हणते. “तुम्ही रविवारी डायपर लावता, म्हणून सोमवारी विसरतो,” असे काकू म्हणतात. मुलाला ने-आण करणाऱ्या आजोबांना दोन्ही बाजूंचे ऐकून घ्यावे लागते.

चूक कोणाच्या घरी झाली, यावर हा वाद रंगतो. पण त्याचे मूळ पुष्कळदा मुलाच्या पोटात असते. ज्यांचे सर्व काही शिकून झाले आहे अशी मुले मागे सरकतात, तेव्हा माझी पहिली शंका बद्धकोष्ठतेवर असते. एकदा शी घट्ट होते, गुदद्वाराला बारीक चीर पडते, दुखते. मूल तो अनुभव विसरत नाही आणि पुढच्या वेळी पाय आवळून, टाचा उंचावून शी रोखून धरते. मोठ्यांना वाटते, ते जोर करते आहे. प्रत्यक्षात ते अडवत असते. रोखलेला मळ आणखी कोरडा होतो. मलाशय ताणले जाते आणि भरल्याची जाणीव बोथट होते. भरलेले मलाशय मूत्राशयाला दाबते, म्हणून लघवीही निसटते. अशा मुलाने “मला कळलंच नाही” म्हटले, तर ते खरे बोलत असते.

दोन घरांत वाढणाऱ्या मुलाची अडचण अशी की त्याचा संपूर्ण दिवस कोणीच पाहत नाही. आज शी झाली नाही तर आईला वाटते पाळणाघरात झाली असेल; काकूंना वाटते सकाळी घरूनच करून आला असेल. असे चार दिवस जातात. दुधाचेही तेच. काकू दुपारी कपभर देतात, आजी संध्याकाळी देते, आई रात्री बाटली देते. तिघींपैकी कोणाचेच माप अधिक नसते, पण बेरीज पाऊण लिटरवर जाते. दुधाने पोट भरलेले मूल भाजी-भाकरी खात नाही. या वयाला दिवसाकाठी अर्धा लिटरच्या आत दूध पुरेसे आहे.

गेल्या पावसाळ्यात तीन वर्षांच्या एका मुलाला त्याची आजी घेऊन आली. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शी चड्डीला लागत होती. जुलाब समजून पाळणाघराने त्याला पाठवू नका असे सांगितले होते, आणि ते इतर मुलांच्या दृष्टीने रास्तच होते. घरी मऊ भात, केळे आणि जुलाब थांबवण्याचे औषध सुरू होते. पोट तपासताना डाव्या बाजूला खाली घट्ट गोळे हाताला लागले. साचलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ झिरपत होता. तो जुलाब नव्हताच. त्याला मळ मऊ करणारे औषध दिले आणि आई व पाळणाघराच्या ताईंना एकत्र बोलावले. पहिल्या पंधरवड्यात कपडे अधिकच खराब होतील, हे ताईंना आधी सांगणे आवश्यक होते. नाहीतर औषधच बिघडवते आहे असे समजून ते बंद झाले असते. हे औषध आठवड्याभरात थांबवायचे नसते. ताणलेले मलाशय पूर्ववत व्हायला काही महिने लागतात.

आणखी एक प्रकार मी वारंवार पाहतो. मूल चड्डी भिजवते म्हणून त्याचे पाणी कमी केले जाते. पाळणाघरात दहा मुले सांभाळणाऱ्या बाईंनी तसे केले तर त्यामागची दमछाक समजते. घरीही ‘आता झोपायची वेळ, पाणी नको’ म्हणून कात्री लागते. यामुळे शी अधिक घट्ट होते, लघवी दाट होऊन आग करू लागते आणि मुलींमध्ये तर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला वाट मिळते. पाणी तोडू नये, लघवीला बसवण्याच्या वेळा वाढवाव्यात.

सगळ्याच वेळी पोट कारण असते असे नाही. धाकटे भावंड येणे, घर बदलणे, सांभाळणाऱ्या सवयीच्या मावशींनी काम सोडणे, यानेही मूल मागे सरकते. कधी कारण फारच साधे असते. घरी कमोड, पाळणाघरात भारतीय पद्धतीचा संडास, आणि मुलाला त्या खोलगट भांड्याची भीती! कमोडवर लोंबकळणाऱ्या पायांनी जोर करता येत नाही. पायाखाली लहानसा पाट दिला की तेवढ्याने फरक पडतो. दोन्ही ठिकाणी शब्दही एकच हवा. घरी ‘शू’ म्हणणाऱ्या मुलाला पाळणाघरात ‘वॉशरूम’ विचारले, तर ते नुसते बघत राहील.

“आमची मुलं वर्षाची झाली की सांगत होती,” हे वाक्य आज्यांकडून हमखास येते. त्यात तथ्य आहे. पण शिकलेली असे ती बहुधा आईच. कापडी लंगोट लगेच ओला लागे, चेहरा पाहून ती ओळखे आणि मुलाला पायांवर बसवी. १९६२ साली ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १,१७० मुलांच्या अनुभवावरून मुलाच्या तयारीनुसार शिकवण्याची पद्धत मांडली. तिच्यात दिवसाची शिस्त सरासरी सव्वादोन-अडीच वर्षांच्या सुमारास आली. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करून कोणाही घराला दोष देऊ नये.

दोन्ही घरांनी मिळून करायचे ते थोडकेच आहे. पिशवीत एक लहान वही ठेवावी. शी केव्हा झाली, घट्ट की मऊ, दूध किती प्याले, एवढेच त्यात लिहावे. ‘आज तीनदा त्रास दिला’ असे लिहू नये. जेवणानंतर आतडी आपोआप हालचाल करतात, म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर घरी आणि दुपारच्या जेवणानंतर पाळणाघरात पाच मिनिटे शांतपणे बसवावे. झाले नाही तर उठू द्यावे. मूल डायपरमध्येच शी करायला तयार असेल, तर काही आठवडे डायपर द्यावा. पण मग तो दोन्हीकडे द्यावा. शी रोखून धरण्यापेक्षा डायपर पुष्कळ बरा.

ओल्या चड्डीत उभे ठेवणे, इतर मुलांसमोर हसणे, चापट मारणे हे मात्र कुठल्याही घरी चालू देऊ नये. लाजलेले मूल सांगायचे सोडून लपवू लागते. असे काही आजोबांच्या कानावर आले, तर त्यांनी ते मुलासमोर न बोलता, पण त्याच दिवशी बोलावे.

लघवीला आग, ताप, शीमधून रक्त, फुगलेले पोट किंवा पायांत अशक्तपणा असेल तर वहीत नोंदी करत थांबू नका. मूल अचानक खूप पाणी पिऊ लागले, सारखी लघवी करू लागले आणि वजन घटले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. लहान मुलांतला मधुमेह असाच सुरू होतो. रात्रीचे अंथरूण ओले होणे ही वेगळी बाब आहे. पाच वर्षांपर्यंत त्यासाठी सहसा औषध लागत नाही, गादीवर मेणकापड पुरते.