बाजार आहे म्हणून भोंगऱ्या आहे

फैजपूरचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते १९३६च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. २७ आणि २८ डिसेंबरला, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते त्यासाठी राबले, नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळेल त्या साहित्यातून टिळकनगर सजवलं, अध्यक्षांच्या रथाला सहा बैलजोड्या जुंपल्या गेल्या. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे, तेव्हा त्यात रेंगाळायचं कारण नाही. मात्र खादी आणि ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनामागचा गांधीजींचा आग्रह ध्यानात ठेवण्यासारखा आहे: खेड्याची कला खेड्यातच, तिथल्याच माणसांच्या हातची आणि तिथल्याच मालातली दिसली पाहिजे. तो प्रयोग मोठा होता आणि एकदाच झाला. फैजपूरहून उत्तरेला पाहिलं की केळीच्या बागांच्या वर सातपुड्याची रांग दिसते. त्या रांगेत आणि तिच्या पायथ्याला तेच काम दरवर्षी होतं. कुणी महात्म्यानं सुचवलेलं नसताना, मांडव नसताना, स्वागताध्यक्ष नसताना. त्याचं नाव भोंगऱ्या.

भोंगऱ्या म्हणजे होळीआधीच्या आठवड्यातला बाजार. रावेर तालुक्यातलं पाल, चोपडा तालुक्यातलं वैजापूर, शिरपूरकडचं बोराडी, पुढे नंदुरबारमधलं धडगाव आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातले बडवानी, खरगोन, झाबुआ, अलिराजपूर असा त्याचा पट्टा आहे. तिकडे त्याला भगोरिया म्हणतात. पावरा, बारेला, भिलाला, भिल्ल अशा जमातींची माणसं पाड्यापाड्यांवरून ढोल घेऊन उतरतात, खरेदी करतात, नाचतात, नातेवाइकांना भेटतात आणि दिवस मावळायच्या बेतात परत चढणीला लागतात. वर्तमानपत्रांत याची बातमी ‘आदिवासींचा सांस्कृतिक महोत्सव’ अशा मथळ्याखाली येते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. भोंगऱ्या आधी बाजार आहे; त्याचा उत्सव झाला तो बाजार असल्यामुळे. माझं म्हणणं असं, की तो इतका काळ टिकला त्याचं कारणही हेच आहे, आणि जतनाच्या नावाखाली त्याचा महोत्सव करायला निघालेली मंडळी नेमकं हे कारणच काढून घेतात.

तारीख कशी ठरते ते पाहू. फाल्गुन पौर्णिमेला होळी. तिच्या आधीच्या सात दिवसांत ज्या गावचा आठवडे बाजार ज्या वारी येतो, त्या वारी त्या गावचा भोंगऱ्या. सोमवारचा बाजार असेल तर सोमवारी, गुरुवारचा असेल तर गुरुवारी. एवढाच नियम. त्यात अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही, आमंत्रणपत्रिका नाही. पाहुण्यांना वेळ नाही म्हणून तो पुढे ढकलता येत नाही, कारण तो ढकलायचा अधिकार कुणाकडेच नाही. मंडळात फूट पडली म्हणून दोन भोंगऱ्ये होत नाहीत, कारण मंडळच नाही. वाराच्या या बांधणीचा दुसरा फायदा व्यापाऱ्याला होतो. शेजारशेजारच्या गावांचे वार वेगळे असल्यानं एकाच टेम्पोत भरलेला माल घेऊन तो आठवडाभर रोज एका नव्या बाजारात बसू शकतो. गिऱ्हाइकालाही एक चुकला तर दुसरा गाठता येतो, आणि सोयरे ज्या गावच्या बाजाराला येणार तिथे मुद्दाम जाता येतं. पंचांग आणि आठवडे बाजार या दोन जुन्या व्यवस्था एकमेकींत अडकवून कुणीतरी, कधीतरी हे यंत्र सुरू करून दिलं. चालवायला माणूस लागत नाही, म्हणून ते बंद पाडणंही अवघड आहे.

त्यात विकलं काय जातं, हे पाहिलं की बाजार आणि संस्कृती वेगळ्या काढणं किती फोल आहे ते कळतं. खानदेशातल्या हलवायांकडे होळीच्या आधी साखरेचे हार-कंगण घालायची घाई असते. सागवानी साचे पाण्यात भिजवून ठेवतात, म्हणजे पाक लाकडाला धरत नाही. साच्याच्या खोबणीत दोरा ताणून बसवायचा. दुधाचा हात देऊन मळी काढलेला साखरेचा पाक त्यावर ओतायचा. पाक आळून पांढरा पडला की साचा उघडून दोऱ्यासकट माळ अलगद सोडवायची. पाक कोवळा राहिला तर माळ दोऱ्यावरून गळते, जास्त चढला तर साच्यातच तडकते. हे साचे वर्षातले थोडेच दिवस बाहेर निघतात. मैदानातल्या घरात एखाददुसरा हार पोरांच्या गळ्यात आणि एक गुढीला लागतो. डोंगरातला माणूस मात्र होळीसाठी, लेकीबाळींसाठी आणि पाहुण्यांसाठी मोजून घेतो. सोबत दाळ्या, फुटाणे, खजूर, गूळ, गोडी शेव. म्हणजे होळीच्या विधीचं सामान पायथ्याच्या हलवायाच्या भट्टीवर तयार होतं आणि त्या भट्टीचा हिशेब वरच्या पाड्यांवर बसतो. यातली संस्कृती नेमकी कुणाची, हा प्रश्न विचारणाऱ्याला दोन्हीकडचे लोक वेड्यात काढतील.

चांदीचंही तसंच. भोंगऱ्यात बाया अंगभर चांदी घालून येतात, एका पाड्याच्या मुली बहुधा एकाच रंगाची लुगडी नेसतात, आणि छायाचित्रकारांची गर्दी तिथेच होते. पण ती चांदी दागिना आहे तशीच ठेवही आहे. पीक आलं की घ्यायची, आजारपण आलं की सोनाराकडे ठेवायची, पुढच्या हंगामात सोडवायची. होळीला ती अंगावर दिसणं याचा एक अर्थ असा, की यंदा ती गहाण पडलेली नाही. म्हणून रंग आणि नक्षी टिपून परतणाऱ्याला अर्धंच दिसतं. बाकीचं अर्धं सोनाराच्या वहीत असतं.

आणि ढोल. एका माणसाला जेमतेम पेलेल असा लाकडी, दोन्ही तोंडांना कातडं ओढलेला. सकाळच्या गारव्यात कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. मग उन्हात किंवा जाळावर धरून ते तापवायचं, बोटानं टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा तापवायचं. त्याच्यासोबत मांदळ, थाळी, बासरी, घुंगरू. एका पाड्याचा ढोल बाजारात शिरला की आधीच आलेले आपला ठेका चढवतात, आणि मग कोण कुणाला आपल्या ठेक्यावर ओढतो याची चुरस लागते. या चुरशीला परीक्षक नाही. ऐकणारे तेच, नाचणारे तेच, आणि कुणाचा ढोल बसला हे सगळ्यांना कळतं. ज्याचा ढोल बसला त्याला पुढच्या वर्षी तो नीट मढवून आणावा लागतो. वाद्य सुस्थितीत राहण्याची एवढी चोख व्यवस्था कुठल्या अकादमीला जमलेली माझ्या पाहण्यात नाही.

पहिला आक्षेप इथे येतो, आणि तो रास्त आहे. बाजार म्हटला की नफा आला, आणि नफा बहुतेक खालच्या व्यापाऱ्याचा. माप मारणं, उधारीत अडकवणं, जर्मन सिल्व्हर चांदी म्हणून गळ्यात मारणं हे आदिवासी बाजारांत झालेलं आहे आणि होतं. मग या बाजाराचं कौतुक कशाला? कौतुक बाजाराच्या न्यायाचं नाही, त्यातल्या गिऱ्हाइकाच्या स्थानाचं आहे. वर्षातले बाकीचे दिवस हाच पावरा माणूस यावल-रावेरच्या केळीच्या बागांत मजूर असतो किंवा आखाजीला करार करून सालदार म्हणून राहिलेला असतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या केळीचे घड कापून खांद्यावरून वाहणाऱ्यांत हा माणूस आहे, मानांकनाच्या जाहिरातीत तो दिसत नाही. भोंगऱ्याच्या दिवशी तो हिशेबाचे पैसे घेऊन येतो आणि दुकानदाराला त्याच्या पसंतीचा रंग, त्याच्या घडणीची कडी, त्याच्या चवीची शेव आणावी लागते. बऱ्याच दुकानदारांना त्याच्या बोलीतले आकडे आणि नातेशब्दही बोलावे लागतात. महोत्सवात तो कलाकार असेल, पण तिथे त्याच्यासमोर पाहुणे बसलेले असतात. बाजारात त्याच्यासमोर विक्रेता बसलेला असतो. दुसरी जागा मला जास्त मानाची वाटते.

दुसरा आक्षेप हक्कांच्या बाजूनं येतो. स्वतःची ओळख ठासून सांगितल्याशिवाय आज काही मिळत नाही. मग मंच, बॅनर, घोषणा हव्यातच. हव्यात, आणि त्यासाठी ९ ऑगस्ट आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ठरवलेला जागतिक आदिवासी दिन आता खानदेशातल्या तालुक्या-तालुक्यांत मिरवणुकांनी साजरा होतो. खाज्या नाईक, तंट्या भिल्ल, बिरसा मुंडा यांच्या तसबिरी निघतात. १८५८च्या एप्रिलमधली इंग्रजांविरुद्धची अंबापाणीची लढाई ज्यांच्या पूर्वजांनी लढली त्यांनी ती मोठ्यानं सांगितलीच पाहिजे. पण ओळख सिद्ध करायचा मेळा आणि ओळख गृहीत धरणारा बाजार यांत फरक आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. अबेनाकी या तिथल्या मूलनिवासी समाजाचा वारसा-मेळा उन्हाळ्याच्या तोंडावर लेक शॅम्प्लेनच्या काठच्या संग्रहालयात भरतो: टोपल्या, मणीकाम, ढोल, गोष्टी. मात्र तिथे टोपली विकण्याआधी विकणारा कोण, हे ठरावं लागतं. १९९०च्या अमेरिकी कायद्यानुसार मान्यताप्राप्त जमातीचा सदस्य किंवा तिनं प्रमाणित केलेला कारागीर नसलेल्यानं ‘इंडियन’ म्हणून माल विकणं गुन्हा आहे. व्हरमाँटनं २०११ आणि २०१२ साली चार अबेनाकी गटांना मान्यता दिली, त्यामागे हेही एक कारण होतं. आणि कॅनडातल्या ओडानाकचे अबेनाकी आज त्या गटांच्या वंशावळीवरच आक्षेप घेतात. मेळा सुंदर असेल, पण त्याच्या दारात दाखला उभा आहे. जातवैधतेच्या फायली घेऊन फिरणाऱ्या खानदेशाला हे दुःख वेगळं सांगायला नको. भोंगऱ्याच्या ढोलाला मात्र अजून कुणी दाखला विचारत नाही, आणि तिथे तडवी, पावरा, कोळी, वाणी, सोनार सगळे एकाच धुळीत उभे असतात.

आता अडचणी, आणि त्या थोड्या नाहीत. सगळ्यात चिवट आहे ती बाहेरून चिकटवलेली गोष्ट: भोंगऱ्यात मुलगा मुलीच्या गालाला गुलाल लावतो, ती विडा घेते आणि दोघं पळून जातात. ‘आदिवासींचा व्हॅलेंटाइन’ असा मथळा दरवर्षी कुणीतरी छापतं. आदिवासी संघटना आणि शिकलेली मुलं याचा संतापून इन्कार करतात, आणि पुरावा त्यांच्या बाजूनं आहे. पावरा समाजात लग्न ठरतं ते दोन्हीकडच्या पंचांच्या बैठकीत, देज म्हणजे वधूमूल्य किती यावर घासाघीस होऊन. लग्नांचा हंगाम होळीनंतरचा. पोरंपोरी बाजारात एकमेकांना पाहतात, हे खरं. तसं तर ती पंढरीच्या वारीतही पाहतात. पळून जाण्याचे प्रकार घडतात, आणि घडले की पंच दंड करून ते मिटवतात, म्हणजे समाजाच्या लेखी तो रिवाज नाही, तंटा आहे. या मथळ्यांचा भुर्दंड मुलींना बसतो. मोबाइल उंचावून, न विचारता तोंडासमोर कॅमेरा धरणारे शहरी पोरगे आता प्रत्येक भोंगऱ्यात असतात, आणि काही पाड्यांवरचे बाप मुलींना बाजाराला पाठवायला कचरतात. उत्सव ओस पडायला एवढं पुरेसं असतं.

डीजेची तक्रार सगळेच करतात. माझं मत थोडं वेगळं आहे. डीजे पोरांनी आणला, त्यांना तो आवडतो, आणि त्यावर वाजणारी पावरी-बारेली गाणी आदिवासी गायकांचीच असतात. बंदी घालून ढोल परत येणार नाही. ढोलाचा खरा शत्रू मंच आहे. राजकीय पुढारी बाजाराच्या तोंडाशी मांडव घालतो, उत्कृष्ट ढोलपथकाला बक्षीस लावतो, परीक्षक बसवतो. बक्षीस आलं की सारखा गणवेश येतो, ठरावीक मिनिटं येतात, आणि एकमेकांना ओढणारे ढोल रांगेत उभे राहून पाहुण्यांकडे तोंड करून वाजू लागतात. डीजेचा आवाज दिवस मावळला की थांबतो. मंचाची सवय पुढच्या वर्षीही उरते. लाकडाचा प्रश्न त्याहून अवघड. १९६९ साली यावल अभयारण्य झालं, पाल त्याच्या परिसरातच. अभयारण्यातल्या झाडाला हात लावता येत नाही, आणि ढोलाला जाड खोड लागतं. वनहक्क कायदा २००६चा आहे, त्यात सामूहिक हक्कांची तरतूद आहे. पण ढोलासाठी लागणाऱ्या खोडाचा विचार त्यात कुणी केल्याचं दिसत नाही. जुना ढोल फुटला की पत्र्याचा पिंप आणि प्लॅस्टिकचं पान येतं. त्याला तापवावं लागत नाही, आणि त्याचा आवाज पुढच्या टेकडीपर्यंत जात नाही.

म्हणून शासनाला भोंगऱ्यासाठी काही करायचंच असेल तर महोत्सवाचा निधी ठेवून द्यावा. बाजाराचा लिलाव करून कर गोळा करणाऱ्या ग्रामपंचायतींनी त्या दिवशी पिण्याच्या पाण्याचे टँकर, बायांसाठी स्वच्छतागृहं आणि वजनमाप तपासणारा एक निरीक्षक एवढं उभं करावं. वनखात्यानं वठलेल्या, पडलेल्या खोडांतून पाड्यागणिक एखादं ढोलासाठी द्यायची सोय शोधावी. बाजाराच्या मैदानावर व्यापारी गाळे बांधायचा मोह आवरावा. आणि फैजपूर-सावद्याकडून किंवा आणखी लांबून जाणाऱ्या वाचकानं गिऱ्हाईक म्हणून जावं: हार-कंगण घ्यावेत, शेव घ्यावी, भाव करावा, फोटो हवा असेल तर आधी विचारावं, आणि नको म्हटलं तर फोन खिशात ठेवावा.