धावणारी सून

आमच्या घराण्यात धावण्याची रीत नाही. पाच पिढ्यांपूर्वी आमचे पूर्वज वाईकडून गायकवाड सरकारच्या चाकरीसाठी बडोद्यास आले, ते दप्तरात बसून लिहिणारे. आणि बसून काम करणाऱ्या माणसाची जी एक ऐट असते, ती दांडियाबाजारातल्या आमच्या वाड्यात अजून टिकून आहे. माझ्या सासूबाईंचे वय ८४. त्यांचे या बाबतीत एक सूत्रच ठरलेले आहे: "धावावे ते जासुदाने. घरचे माणूस चालत येते." अशा घरातल्या बावन्न वर्षांच्या सुनेने, आणि त्यातून शाळामास्तरणीने, पहाटे बूट घालून रस्त्यावर धावत सुटावे, ही गोष्ट वाचकांना जितकी विचित्र वाटेल तितकीच ती आमच्या ओट्यावरही वाटली.

सुरुवात अगदी निरुपद्रवी होती. २०२१ च्या दिवाळीनंतर मी कमाटीबागेत फिरायला जाऊ लागले. एके दिवशी थंडी अंमळ जास्त होती, म्हणून अंगात ऊब यावी या हेतूने फाटकापासून बँडस्टँडच्या दिशेने पळाले. पुरते दोनशे पावलेही झाली नसतील तो दम लागून थांबले. बागेचा रखवालदार काळजीने म्हणाला, "बेन, कोई पाछळ पड्युं छे के शुं?" पाठीमागे कोणीच लागलेले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी त्या दोनशेची अडीचशे पावले करून पाहावीशी वाटली, आणि येथेच माझे बिनसले.

पुढच्या वर्षभरात पाच किलोमीटर झाले, मग दहा. २०२३ साली बडोद्यातच २१ किलोमीटरची शर्यत पुरी केली. तेव्हा आमच्या सकाळच्या मंडळींनी मुंबईच्या मॅरेथॉनचा विषय काढला. ती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. हा वरचा १९५ चा हिशेब ग्रीकांचा नव्हे. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये धावपटू सुमारे ४० किलोमीटर धावले होते. १९०८ साली लंडनला विंडसरच्या राजवाड्यापासून निघून मैदानातील राजघराण्याच्या सज्जासमोर शर्यत संपवायची ठरली, तेव्हा हे अंतर भरले. आणि १९२१ मध्ये तेच सर्व जगाला लागू झाले. राजाच्या बैठकीसाठी प्रजेचे पाय दुखावेत, हे आम्हा संस्थानी लोकांना नवल वाटण्यासारखे नाही! स्त्रियांना मात्र ऑलिंपिकमध्ये हे अंतर धावण्यासाठी १९८४ साल उजाडावे लागले. तोवर, बायकांच्या प्रकृतीला ते झेपणार नाही, अशी जाणत्यांची समजूत होती.

या तयारीत शिकण्याची मुख्य गोष्ट वेग नसून सावकाशी आहे, हे मला ठाऊक नव्हते. धावताना शेजारच्या माणसाशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे, एवढ्याच चालीने धावायचे. आठवड्यातून चार दिवस धावायचे. रविवारी लांब पल्ला, आणि तो पल्ला थोडाथोडा वाढवीत न्यायचा. शरीर पिठामीठाच्या अन्नातून जे बळ स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवते, ते साधारण तीस किलोमीटरच्या सुमारास संपत येते. म्हणून वाटेत घास-घोट घेत राहण्याचीही सवय लावावी लागते. हे सारे वहीत लिहून मी वेळापत्रक बनविले. मास्तरकीची सवय!

वेळापत्रकात एक गोष्ट धरलेली नव्हती. २०२३ च्या गौरी-गणपतीनंतरच्या रविवारी मी पादऱ्याच्या रस्त्याने निघाले. १८ किलोमीटरचा बेत होता. बाराव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे काजवे चमकले, कानांत सूं असा आवाज भरला, आणि मी एका मोरीच्या कठड्यावर कशीबशी टेकले. एका दूधवाल्याने पाणी दिले. मग घरी फोन करून 'ह्यां'ना बोलावून घ्यावे लागले. रक्त तपासले, तो हिमोग्लोबिन नऊच्याही खाली. बाईमाणसाचे निदान बारा तरी हवे. डॉक्टर म्हणाले, "हा दोष धावण्याचा नाही. हे कित्येक वर्षांचे आहे. तुम्ही धावलात म्हणून कळले, इतकेच."

हे वाक्य मला फार लागले. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले पानात घ्यायचे, धाप लागली तर 'वय झाले' म्हणायचे, चक्कर आली तर उपासावर ढकलायचे; आपल्या घरांतून किती जणी अशाच चालत्या असतील! त्यांना कळणारही नाही, कारण त्यांना कोणी बारा किलोमीटर धावायला लावीत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी घ्यावे, त्याने लागते. तीन आठवडे नुसते चालायचे, आणि पुढचे पुढे पाहायचे.

घरात सासूबाईंनी निकाल दिला, "झाली तेवढी हौस पुरे." मी काही बोलले नाही. खरे सांगायचे तर मनातून मीही हरलेच होते.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या वाती वळीत बसल्या होत्या. मी जवळ बसून म्हटले, "आई, तुमच्या बेळगावचे एक चौगुले होते, ठाऊक आहे?" सासूबाईंचे माहेर बेळगावचे. त्या गावाचे नाव निघाले की त्यांचा हात थांबतो.

"कोणते चौगुले ग?"

मी सांगितले. फडेप्पा चौगुले. पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यांतली मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला पाठविण्याचे मनावर घेतले. १९२० साली बेल्जममधील अँटवर्पला जी हिंदी तुकडी गेली तीत चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते धावले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षाही अर्धा किलोमीटर जास्त, म्हणजे ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. त्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे केले.

"कितवे आले?"

"एकोणिसावे."

"म्हणजे पदक नाही."

"नाही. पण पोचले."

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग वात पुरी करीत म्हणाल्या, "बेळगावची माणसे चिवट असतातच." विषय तेथेच संपला. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात नारळ खवल्याचा आवाज आला. पाहते तो वाडग्यात अळीव भिजलेले, आणि सासूबाई गूळ चिरीत बसलेल्या. "बाळंतिणीला देतात हे," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "तुलाही चालेल. रक्त भरते." पुढे तीन महिने अळिवाच्या लाडवांचा तो डबा रिकामा राहिला नाही. परवानगी अशी त्यांनी शब्दाने कधीच दिली नाही.

गोळ्यांनी म्हणा, लाडवांनी म्हणा, डिसेंबरपर्यंत आकडा बाराच्या वर गेला. नाताळच्या सुट्टीत ३० किलोमीटर झाले. मग शर्यतीपूर्वीचे तीन आठवडे अंतर कमी करीत आणायचे असते. पाय विसावतात, पण जीव काही विसावत नाही.

जानेवारी २०२४ च्या तिसऱ्या रविवारी पहाटे मी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर हजारो माणसांत उभी होते. कमरेच्या पिशवीत गूळपापडीच्या वड्या होत्या. "अळिवाचा लाडू फुटेल, ही ने," असे म्हणून सासूबाईंनी त्या बांधून दिल्या होत्या. अंधारातच मरीन ड्राइव्ह मागे पडला. पेडर रोडचा चढ, हाजी अली, वरळी करीत आम्ही समुद्रावरच्या त्या मोठ्या पुलावर आलो. एरवी तेथे पायी जाण्यास बंदी आहे. पुलावर उजाडले. बडोद्याच्या कोरड्या थंडीत वाढलेल्या मला मुंबईची दमट हवा पहिल्यापासून जाचत होती. तरी माहीम, प्रभादेवीपर्यंत मी माझ्या चालीने, पुरे वाक्य बोलता येईल अशी, आले.

पस्तीस किलोमीटर उलटल्यावर तोच पेडर रोडचा चढ परत आला. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, आणि त्या मोरीच्या कठड्याची आठवण पायांत येऊन बसली. डोळ्यांपुढे पुन्हा काजवे येतात की काय, हीच भीती. रस्त्याच्या कडेला अनोळखी माणसे संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन उभी होती. एका आजीबाईंनी माझ्या हातावर फोड ठेवली आणि मराठीत म्हणाल्या, "चालत जा, पण थांबू नको." मी तो चढ चालत चढले. काजवे आले नाहीत. उतारावर पाय पुन्हा धावू लागले, ते शेवटपर्यंत.

५ तास ४८ मिनिटे लागली. तेवढ्या वेळात चौगुले दोनदा पोचून वर चहा प्याले असते!

दुसऱ्या दिवशी वाड्यात शिरले. मॅरेथॉननंतर जिना चढता येतो, उतरणे मात्र कठीण. मी ओट्याच्या पायऱ्या चढून, चौकात उतरताना उलटी होऊन, भिंत धरून एकेक पाऊल टाकीत होते. सासूबाई समोर उभ्या होत्या.

"कितवी आलीस?"

"पुष्कळ जण पुढे होते, आई. थोडे मागेही होते."

"चक्कर?"

"नाही आली."

त्या "बरे" म्हणाल्या आणि पाणी तापवायला आत गेल्या.

आठवड्याने त्या बेळगावच्या भाचीशी फोनवर बोलत होत्या. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून मोठ्याने बोलतात. चौकात वह्या तपासीत बसलेल्या मला सारे ऐकू आले. "अग, आमची सून धावते. हो, हो, बेचाळीस. आपल्या बेळगावचे चौगुले धावले होते ना, तश्शीच." मग जरा थांबून, कारण खोटे बोलण्याचीही आमच्या घराण्यात रीत नाही, त्या म्हणाल्या, "थोडी हळू."