निळी-पांढरी पोर्सलिन पात्रे, कोरियन

कोरियातील चोसन राजवटीत (१३९२–१९१०) विकसित झालेला मृत्पात्रांचा एक प्रकार. त्याचे कोरियन नाव ‘चोंगह्वा बेकजा’ असे आहे. शुभ्र पोर्सलिनवर झिलईखाली कोबाल्टच्या निळ्या रंगाने केलेले चित्रण, हे त्याचे मुख्य लक्षण होय. चिनी पात्रांच्या प्रभावातून पंधराव्या शतकाच्या मध्यास त्याची निर्मिती सुरू झाली.

केओलिनयुक्त मातीचे पात्र घडवून ते प्रथम मंद आचेवर भाजतात. त्याच्या सच्छिद्र पृष्ठावर पाण्यात कालवलेल्या रंगद्रव्याने कुंचल्याने चित्रे काढतात. पृष्ठ ओलावा तत्काळ शोषून घेत असल्याने चुकलेली रेघ सहजी पुसता येत नाही. नंतर पारदर्शक झिलई देऊन सु. १,२५०° ते १,३००° से. तापमानास पात्र पुन्हा भाजतात. तेव्हा काळपट रंगद्रव्य निळे होते व झिलईखाली सुरक्षित राहते.

कोबाल्ट मुख्यतः चीनमार्गे आयात होई. ते दुर्मिळ व महाग असल्याने सामान्यजनांस अशी पात्रे वापरण्यास मनाई होती. देशी कोबाल्टचा शोध १४६० नंतरच्या दशकात घेण्यात आला. तथापि आयातीवरील अवलंबन संपले नाही. सोलजवळील ग्वांगजू येथील ‘पुनवॉन’ या शासकीय भट्ट्यांत दरबारी चित्रकार चित्रणासाठी पाठविले जात. पाइन व बांबू यांची चित्रे असलेला १४८९ चा रांजण हा या काळातील कालनिर्देशयुक्त नमुना होय.

जपानी (१५९२–९८) व मांचू (१६२७, १६३६) आक्रमणांनंतर कोबाल्टची टंचाई तीव्र झाली व सतराव्या शतकात त्याच्या जागी लोहयुक्त तपकिरी रंग रूढ झाला. अठराव्या शतकात निळ्या चित्रणाचे पुनरुज्जीवन झाले. तरी १७५४ मध्ये राजा योंगजो याने राजसमारंभीचे ड्रॅगनचित्रांकित रांजण वगळता त्यावर निर्बंध घातले. एकोणिसाव्या शतकात मात्र त्याचा प्रसार धनिक वर्गात झाला. १८८० नंतरच्या दशकात शासकीय भट्ट्या खाजगी व्यवस्थापनाकडे गेल्या.

समारंभीय रांजणांवर ड्रॅगन, तर विद्वानांच्या जलपात्रांवर व कुंचलेदाण्यांवर फुलझाडे, शरदातील गवत व निसर्गदृश्ये आढळतात. चिनी पात्रांच्या दाट अलंकरणाऐवजी येथे मोजक्या रेषा व विस्तीर्ण मोकळी जागा दिसते. रंगाच्या दुर्मिळतेइतकाच कन्फ्यूशियन साधेपणाचा आदर्शही त्यामागे होता. सोल येथील राष्ट्रीय संग्रहालयात त्यांचे उत्कृष्ट नमुने आहेत.